नास्तिकाला आशा असते का, हे विचारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'कितीही नाही म्हटले तरी नास्तिकाला आतून वाटतच असते की देव असावा, मेल्यावर काहीतरी असावे,' असे वाचकांच्या पत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. त्यावर एखादा नास्तिक तितक्याच तडकाफडकी कळवतो की आम्हाला असल्या आधाराची गरज नाही. दोन्ही बाजू विषय एकेका वाक्यात मिटवतात आणि ज्याला हा प्रश्न मनापासून पडला आहे, त्याच्या हाती काहीच लागत नाही. वास्तविक या प्रश्नाला माणसांनी प्रामाणिकपणे दिलेली उत्तरे लिहून ठेवलेली आहेत आणि अलीकडे त्यावर प्रयोगही झाले आहेत. ते सगळे नजरेखालून घातले तर एवढे म्हणता येते, की काही नास्तिकांना अशी आशा वाटते, काहींना नेमकी उलट आशा वाटते, आणि पुष्कळदा एकाच माणसाला त्यातले एक हवे असते व दुसरे नको असते. पण हवेसे वाटले म्हणून तो छुपा आस्तिक ठरत नाही. हा निष्कर्ष लोक फार घाईने काढतात, आणि त्यासाठीच हे पत्र.

मुळात आशेला दोन गोष्टी लागतात. ती गोष्ट हवीशी वाटावी लागते, आणि ती असण्याची थोडीतरी शक्यता मनाने मान्य करावी लागते. शक्यता शून्य धरली की उरते ती नुसती इच्छा. गेलेले माणूस उद्या दारात उभे राहावे असे कोणालाही वाटू शकते, पण तशी आशा कोणी धरत नाही. म्हणून 'देव नाहीच' असे ठाम मानणाऱ्याच्या मनात फार तर इच्छा असेल, तर 'पुरावा दिसत नाही, पण नाहीच असेही म्हणवत नाही' असे म्हणणाऱ्याला आशा धरता येते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलची भूमिका अशीच होती. तो १८७३ मध्ये वारला आणि धर्मावरचे त्याचे तीन निबंध पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. पुराव्याच्या बळावर विश्वास ठेवता येत नाही, पण आशेला आशाच समजत असू तर ती बाळगायला बुद्धीची आडकाठी नाही, असे त्याने तिसऱ्या निबंधात मांडले. त्याच पुस्तकातल्या आधीच्या एका निबंधात मात्र तो म्हणतो, की माणसाचे जगणे अधिक सुखाचे झाले तर एक दिवस नष्ट होण्यापेक्षा कायमचे राहण्याचीच कल्पना जड वाटू लागेल. ही दोन्ही मते एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही त्याने विचारपूर्वक लिहिली आहेत. अशा माणसाला 'हो की नाही' विचारून काय साधणार?

दुसरा घोळ देव आणि परलोक एका दमात विचारल्यामुळे होतो. वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांनी स्वर्ग मानला, पण सृष्टीचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज त्यांना वाटली नाही. यज्ञाचे फळ 'अपूर्व' नावाच्या अदृष्टातून मिळते, ते कोणी देत नाही, असे त्यांचे म्हणणे. जैन दर्शनाने सृष्टिकर्ता नाकारला आणि जीवाचा जन्मोजन्मीचा प्रवास व मोक्ष मात्र ठेवला. याच्या उलट, पहिल्या शतकातल्या ज्यूंमधले सदूकी देव मानत, पण मेलेले पुन्हा उठतील हे मानत नसत. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरसच्या मते देव आहेत, पण त्यांना माणसांशी काही घेणेदेणे नाही आणि मृत्यूनंतर आपण उरत नाही. केंब्रिजचा तत्त्वज्ञ मॅक्टॅगर्ट (१८६६–१९२५) उघड नास्तिक होता, आणि तरीही आत्मा अमर आहे असा सविस्तर युक्तिवाद त्याने केला. शिवाय परलोक म्हणजे बक्षीस, ही समजूतही सगळीकडची नाही. जिथे पुनर्जन्म मानला गेला, तिथे पुन्हा जन्माला येण्याचीच धास्ती होती आणि आशा होती ती सुटकेची. अशा विचारात वाढलेल्या नास्तिकाने 'मेल्यावर सगळे संपावे' म्हटले तर त्याला लगेच निराशावादी ठरवण्याचे कारण नाही.

पाहणी करणारेही याच खड्ड्यात पडतात. अमेरिकेतल्या प्यू संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत, स्वतःला नास्तिक म्हणवणाऱ्यांपैकी ८ टक्के लोकांनी आपण 'देव किंवा विश्वव्यापी शक्ती' मानतो असे सांगितले. हा आकडा नास्तिकांच्या ढोंगाचा पुरावा म्हणून फिरवला जातो. पण प्रश्नातच दोन वेगळ्या गोष्टी 'किंवा'ने जोडलेल्या आहेत. निसर्गनियमांच्या भव्यतेला शक्ती म्हणणारा माणूस आणि नवसाला पावणारा देव मानणारा माणूस दोघेही 'हो'वरच खूण करणार.

आता देवाबद्दल. 'देव असावा असे वाटते का?' याचे उत्तर देण्याआधी 'कोणता?' हे विचारावे लागते. सतत नजर ठेवणारा साक्षी, शेवटी हिशेब करणारा न्यायाधीश, हाकेला धावणारा पाठीराखा, की ज्याचे आभार मानता येतील असा कोणी? यातला साक्षी पुष्कळांना नको असतो. थॉमस नेगल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९७ मध्ये स्पष्टच लिहिले, की मी देव मानत नाही इतकेच नाही, तर देव नसावा अशी माझी आशा आहे, विश्व तसे असायला मला नको आहे. ही कबुली त्याने फुशारकीने दिलेली नाही. आपल्या वर्गातल्या विचारवंतांना धर्माचे भय वाटते आणि ते त्यांच्या निष्कर्षांवर परिणाम करते, अशी शंका घेताना त्याने स्वतःचेच उदाहरण पुढे ठेवले. आस्तिकाची आशा त्याच्या विचाराला जशी वाकवू शकते, तशी नास्तिकाची उलटी आशाही वाकवू शकते. दोघांनीही स्वतःवर लक्ष ठेवावे, हे त्याचे म्हणणे मला शंभर टक्के पटते.

न्यायाधीशाची गोष्ट निराळी आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८८ मध्ये देव आणि अमरत्व यांना नैतिक बुद्धीची गृहीतके म्हटले, कारण सद्गुण आणि सुख यांचा मेळ या जगात बसताना दिसत नाही. देवाबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नाही असे मानणाऱ्या जर्मन विचारवंत माक्स होर्कहायमरनेही १९७० मधल्या एका मुलाखतीत, खुन्याचा निरपराध बळीवर अखेरचा विजय होऊ नये, ही ओढ बोलून दाखवली. ज्यांना छळून मारले गेले, ज्यांच्या वाट्याला आयुष्यच आले नाही, त्यांच्यासाठी इथे करता येण्यासारखे काहीच उरलेले नाही. भविष्यात कितीही सुधारणा झाली तरी ती त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नास्तिकाच्या मनात देवाची आशा डोकावतेच, तर माझ्या मते ती सर्वांत सबळपणे इथे डोकावते, आणि तिच्यात स्वतःसाठी काही मागणे नसते.

परलोकाबद्दल विचारताना तर तपशील मागितल्याशिवाय पुढे जाऊच नये. तिथे आठवणी शाबूत असतात का? वय कोणते? बरोबर कोण असते? तिथून निघण्याची सोय आहे का, आणि मुक्काम किती? इंग्रज तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने १९७३ च्या एका निबंधात दोन अटी घातल्या: जो उरेल तो खरोखर मीच असला पाहिजे, आणि तिथले जगणे मला आज ज्या गोष्टींची आस आहे त्यांच्याशी जोडलेले असले पाहिजे. उदाहरणादाखल त्याने झेक लेखक कारेल चापेकच्या नाटकातली एलिना घेतली. औषधाच्या जोरावर तिचे वय तीनशे वर्षे बेचाळिसावर थांबलेले असते, आणि अखेर कंटाळून ती पुढचा घोट नाकारते. अर्थात कंटाळ्याचा हा मुद्दा सगळ्यांना पटलेला नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी मरणाऱ्याला तो ऐकवणे निर्दयपणाचे आहे.

मला त्याहून अवघड वाटते ते तान्हेपणी गेलेल्या मुलाचे उदाहरण. परलोकात ते मोठे होते का? होत असेल तर आईला ज्याला पुन्हा कुशीत घ्यायचे आहे ते बाळ तिथे नाही, तिला ओळखही नसलेला एक प्रौढ माणूस आहे. होत नसेल तर त्या मुलाला जगणे मिळालेच नाही. आईला जे हवे आहे ते कोणत्याही परलोकात जसेच्या तसे बसवता येत नाही, कारण तिला हवे आहे ते इथेच, त्याच घरात पुढे चालू राहिलेले आयुष्य. 'पुन्हा भेट व्हावी असे वाटत नाही का?' असे एखाद्या नास्तिक आईला विचारणाऱ्याने हे आधी समजून घ्यावे.

नोंदलेल्या उत्तरांपैकी दोन जवळून पाहण्यासारखी आहेत. ७ जुलै १७७६, रविवार, एडिंबरा. चर्चला जायला उशीर झाला म्हणून लेखक जेम्स बॉस्वेल मरणपंथाला लागलेल्या, धर्मावर विश्वास नसलेल्या तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमला भेटायला गेला. ह्यूम दिवाणखान्यात एकटाच रेलून बसला होता, रोडावलेला, चेहऱ्यावर मातकट कळा, अंगात पांढऱ्या धातूच्या बटणांचा करडा सूट. बॉस्वेलने विचारले, मृत्यूनंतर काही असणे शक्य नाही का? ह्यूम म्हणाला, विस्तवात टाकलेला कोळसा न जळणेही शक्य आहे. नष्ट होण्याच्या विचाराने अस्वस्थ वाटत नाही का? अजिबात नाही, जन्मापूर्वी आपण नव्हतो याने जितके वाटते त्याहून जास्त नाही. मग बॉस्वेलने नुकत्याच वारलेल्या तीन परिचितांची नावे घेऊन विचारले, की ते पुन्हा भेटतील अशी आशा सुखाची नाही का? सुखाची आहे, हे ह्यूमने मान्य केले, पण त्या तिघांपैकी कोणीही असली कल्पना बाळगत नव्हता, असेही सांगितले. यात हवेसे वाटणे मान्य आहे, शक्यता जवळपास अमान्य आहे, आणि म्हणून आशा नाही. वर सांगितलेले दोन घटक इथे अगदी सुटे सुटे दिसतात. ह्यूम २५ ऑगस्टला गेला. त्याच्या शांतपणाने अस्वस्थ झाला तो बॉस्वेल.

दुसरे उत्तर इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्लेचे. १८६० मध्ये त्याचा चार वर्षांचाही न झालेला मुलगा लाल तापाने गेला. चार्ल्स किंग्जली या धर्मोपदेशक मित्राने सांत्वनाचे पत्र पाठवले. २३ सप्टेंबरच्या लांबलचक उत्तरात हक्स्लेने लिहिले, की माणसाचे अमरत्व मी नाकारतही नाही आणि मान्यही करत नाही. माझे काम माझ्या आकांक्षांना वस्तुस्थितीशी जुळवून घ्यायला शिकवण्याचे आहे, वस्तुस्थिती आकांक्षांच्या मापाची करून घेण्याचे नाही. याच हक्स्लेने तेवीस वर्षांनी, १८८३ मध्ये, लेखक मित्र जॉन मॉर्लेला कळवले की वय वाढते तशी नष्ट होण्याच्या विचाराची नावड वाढतच चालली आहे. १९०० साली जगात काय चालले आहे ते आपल्याला १८०० साली होते त्याहून अधिक कळणार नाही, या विचाराने अंगावर काटा येतो, त्यापेक्षा नरक परवडला, निदान त्याचे वरचे मजले. मत तेच राहिले आणि भावना बदलली. पुराव्यात भर पडली नव्हती, म्हणून त्याने मतात बदल केला नाही. याला मी बौद्धिक प्रामाणिकपणा म्हणतो. आस्तिकालाही शंका येतात आणि त्या येतात म्हणून आपण त्याला छुपा नास्तिक म्हणत नाही, मग हक्स्लेला वेगळा न्याय का?

उलट बाजूचेही एक उदाहरण द्यायला हवे. ए. जे. एअर या नास्तिक तत्त्वज्ञाचे हृदय १९८८ मध्ये रुग्णालयात चार मिनिटे थांबले होते. शुद्धीवर आल्यावर त्याने झगझगीत लाल प्रकाश दिसल्याचे लिहिले. मृत्यू हा आपला शेवट आहे ही खात्री या अनुभवाने किंचित ढिली झाली, पण तो शेवटच असावा अशी आशा मात्र कायम आहे, असे त्याचे शब्द होते, आणि देव नाही या मताला धक्का लागलेला नाही, असेही त्याने बजावले. इंग्रज तत्त्वज्ञ सी. डी. ब्रॉडने मरणोत्तर अस्तित्वाच्या पुराव्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मेल्यावर आपण उरलो आहोत असे आढळले तर आश्चर्यापेक्षा वैताग थोडा जास्त वाटेल, असे त्याने १९६२ मध्ये लिहिले. इथे शक्यता मान्य आहे आणि नकोसे वाटणे ठाम आहे.

'बोलायला काय, आतून तपासा' असे म्हणणाऱ्यांसाठी प्रयोगशाळेतले काम आहे. फिनलंडमध्ये आस्तिक आणि नास्तिकांना देवाला आव्हान देणारी वाक्ये मोठ्याने वाचायला लावली, आईवडिलांना बुडवून दाखव, अशा धर्तीची. त्या वेळी त्यांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली. मन विचलित झाले की बारीक घाम सुटतो आणि वाहकता वाढते. त्रास होत नाही असे नास्तिक सांगत होते, पण त्यांची त्वचा आस्तिकांइतकीच विचलित होती. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर 'नास्तिकही आतून देवाला घाबरतात' असा अर्थ काढणे सोपे होते. पण वाहकता फक्त विचलितपणा दाखवते, त्याचे कारण दाखवत नाही. आईवडिलांच्या अनिष्टाच्या नुसत्या विचारानेही घाम फुटेल, म्हणून संशोधकांनी देवाचे नाव नसलेली तशीच वाक्ये वाचायला देऊन तुलना केली. तरीही देवाच्या वाक्यांना प्रतिसाद जास्त आला. म्हणजे काहीतरी आहे खरे. ते लहानपणी मुरलेले वळण असेल, निषिद्ध बोलण्याचा संकोच असेल. आशा आहे असे मात्र त्यातून निघत नाही, कारण आशा मोजलीच गेली नव्हती.

याहून बोलका निष्कर्ष २०१८ चा आहे. तिबेटी बौद्ध भिक्षूंची तुलना इतर गटांशी केली गेली. 'मी' असा कायमचा कोणी नाही हे मत भिक्षूंनी सर्वांत ठामपणे मांडले. त्यांना मृत्यूची भीती कमी वाटेल असा अंदाज होता, पण स्वतः नष्ट होण्याची भीती त्यांच्यातच सर्वांत जास्त निघाली. आपल्या आयुष्याची वर्षे सोडून एखाद्या अनोळखी माणसाला त्याहून जास्त वर्षे मिळत असतील तर सोडाल का, या प्रश्नालाही त्यांची तयारी कमी दिसली. बुद्धीने स्वीकारलेले मत आणि जगण्याची ओढ या दोन गोष्टी किती स्वतंत्र चालतात ते यात दिसते. नास्तिकाला मरणाची भीती वाटली तर त्याचे मत खोटे ठरते, असे म्हणणाऱ्याने हाच न्याय या भिक्षूंनाही लावून पाहावा.

मरणाच्या दारात नास्तिक बदलतो, या कथांबद्दल सावध राहिलेले बरे. डार्विन १८८२ मध्ये वारला. त्याने अखेरच्या दिवसांत आपले मत मागे घेतल्यासारखी हकीकत लेडी होप या ख्रिस्ती धर्मप्रचारक बाईंच्या नावाने १९१५ मध्ये, तेहतीस वर्षांनी छापून आली. डार्विनची मुलगी हेन्रिएटा अखेरच्या वेळी वडिलांपाशी होती. त्या आजारपणात लेडी होप तिथे नव्हत्याच, असे तिने १९२२ मध्ये जाहीरपणे सांगितले. तरी कथा चालूच राहिली. भगतसिंगांना एकाने ऐकवले होते की शेवटच्या दिवसांत तुमचा विश्वास बसू लागेल. ऑक्टोबर १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात लिहिलेल्या निबंधात त्यांनी हा प्रसंग दिला आहे. श्रद्धेने दुःख हलके होते हे त्यांनी नाकारले नाही. गळ्यात दोर पडून पायाखालची फळी निघेल तोच अखेरचा क्षण, हेही ते जाणून होते. पण स्वार्थापोटी प्रार्थना करणे हे आपण स्वतःचे अधःपतन समजू, असे त्यांनी बजावले. आधार हवासा वाटू शकतो हे कळत असूनही तो न घेण्याचा हा निर्णय आहे. त्याला कोरडेपणा म्हणणारा माणूस तो निबंध न वाचता बोलतो आहे.

हे सगळे प्रत्यक्षात उपयोगी पडते ते आजारी आणि शोकग्रस्त माणसांशी बोलताना. डॉक्टरांनी रुग्णांना श्रद्धेबद्दल विचारावे म्हणून डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ च्या सुमारास एक छोटी प्रश्नमाला तयार केली. तिचे चार भाग आहेत: श्रद्धा, तिचे महत्त्व, समुदाय, आणि उपचारांत तिची दखल कशी घ्यावी. पहिल्या प्रश्नाला 'माझी श्रद्धा नाही' असे उत्तर आले की प्रश्नमाला तिथे थांबत नाही, जगण्याला अर्थ कशामुळे वाटतो हे पुढे विचारले जाते. चूक होते ती इथे. विचारणारा 'नाही'वर काट मारून पुढच्या खाटेकडे जातो, किंवा 'आतातरी…' म्हणून आग्रह सुरू करतो. पहिल्याने माणूस एकटा पडतो, दुसऱ्याने त्याला मरणाच्या तोंडावर वाद घालावा लागतो. त्याऐवजी तुमच्यामागे काय चालू राहावे, कोणाची काळजी वाटते, कोणाला काही सांगायचे राहिले आहे का, असे एकेक विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. सॅम्युअल शेफलर या तत्त्वज्ञाने दाखवले आहे की आपण मेल्यावर तीस दिवसांनी पृथ्वी नष्ट होणार असे कळले तर आज हाती असलेल्या बहुतेक कामांतला जीवच जाईल. आपल्यामागे माणसे राहतील यावर आपण किती विसंबलेलो असतो, ते यावरून कळते. नास्तिकाची मरणोत्तर आशा पुष्कळदा इथे असते आणि तिला परलोक लागत नाही.

शोकात असलेल्या नास्तिकाला 'ते वरून बघताहेत' असे म्हटल्याने अपमान होतो असे नाही, पण त्याला मान डोलावण्याचा अभिनय करावा लागतो. त्यापेक्षा गेलेल्या माणसाची एखादी नेमकी आठवण सांगावी. आणि तो मृताशी बोलताना, त्याला पत्र लिहिताना दिसला तर 'बघा, मानतोच की!' असे म्हणू नये. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनची पत्नी अर्लीन जून १९४५ मध्ये क्षयाने गेली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने तिला पत्र लिहून पाकिटात बंद केले, ते १९८८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर उघडले गेले. टपालात टाकले नाही याबद्दल माफ कर, तुझा नवा पत्ता मला माहीत नाही, अशी त्यात शेवटी टीप आहे. तो देव मानत नव्हता आणि पत्र लिहिल्याने मानू लागला नाही. माणूस गेले तरी त्याच्याशी बोलायची सवय जात नाही, आणि ती जावी असा आग्रह कोणतेही तत्त्वज्ञान धरत नाही.

आपल्या वृत्तपत्राला दोन विनंत्या. या विषयावर वाचकांचा कौल कधी घेतलाच, तर देव असावा असे वाटते का, असल्यास कोणत्या प्रकारचा, तो असण्याची शक्यता किती वाटते, मृत्यूनंतर काही असावे असे वाटते का, आणि ते स्वतःसाठी की दुसऱ्या कोणासाठी, हे पाच प्रश्न वेगळे छापावेत आणि प्रत्येकाखाली 'सांगता येत नाही'चा रकाना ठेवावा. आणि एखाद्या जाहीर नास्तिकाच्या मृत्युलेखात 'अखेरीस त्यांनी देवाचे नाव घेतले' असे वाक्य आले, तर ते कोणी ऐकले, केव्हा ऐकले आणि नेमके शब्द काय होते, हे लेखकाला विचारावे. उत्तर मिळाले नाही तर ते वाक्य वगळावे.

आपला,
तत्त्वज्ञानाचा एक अध्यापक